न्यायाधीश मध्यस्थाच्या खुर्चीत बसताना: तयारीपासून तडजोडपत्रापर्यंत

मध्यस्थीचे ४० तासांचे प्रशिक्षण पूर्ण करून केंद्राच्या यादीत नाव लागलेले न्यायिक अधिकारी पहिल्या काही प्रकरणांत बहुधा एकाच जागी अडतात. कागद वाचून वादाचा गाभा पकडणे, कोणाच्या बोलण्यात तथ्य आहे ते ताडणे आणि लवकर निष्कर्षाला येणे ही न्यायासनावर वर्षानुवर्षे घोटलेली कौशल्ये असतात, आणि मध्यस्थीच्या खोलीत नेमकी तीच आड येतात. पक्षकार बोलू लागून दहा मिनिटे होत नाहीत तोच साहेबांच्या मनात निकाल तयार होतो आणि उरलेला सगळा वेळ तो निकाल पक्षकारांच्या गळी उतरवण्यात जातो. कधी तडजोड होतेही. पण पुढे तीच माणसे दरखास्त (न्यायालयाच्या हुकमाच्या अंमलबजावणीचा अर्ज) घेऊन, किंवा आपली संमती खरी नव्हती असा अर्ज घेऊन, त्याच आवारात परत येतात.

पुढील टप्पे महाराष्ट्रातील जिल्हा व तालुका न्यायालयांत चालणारी दिवाणी आणि कौटुंबिक प्रकरणे डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहेत. विवेचन हवेत राहू नये म्हणून एक कल्पित दावा शेवटपर्यंत सोबत ठेवला आहे. वडील वारले आहेत. थोरला भाऊ गावी ६ एकर जमीन कसतो, धाकटा पुण्यात नोकरीला आहे, बहीण लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यात आहे. जमिनीच्या पूर्वेकडील भागात विहीर आहे. धाकट्याने वाटपाचा दावा लावला आहे आणि बहीण प्रतिवादी क्रमांक २ आहे.

## टप्पा १: आपण कोणत्या खुर्चीत आहोत ते आधी ठरवा

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८९ खाली न्यायाधीशाच्या वाट्याला दोन वेगवेगळी कामे येऊ शकतात. एक, आपल्या बोर्डावरील (सुनावणीच्या यादीतील) प्रकरण मध्यस्थीकडे पाठवण्याचे; दुसरे, दुसऱ्या न्यायालयाकडून आलेल्या प्रकरणात स्वतः मध्यस्थ म्हणून बसण्याचे. ही दोन्ही कामे एकाच प्रकरणात एकाच व्यक्तीने करू नयेत. ॲफकॉन्स इन्फ्रास्ट्रक्चर विरुद्ध चेरियन वर्की कन्स्ट्रक्शन या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की, ज्या न्यायाधीशासमोर प्रकरण चालू आहे त्यानेच तडजोडीसाठी प्रयत्न केले आणि ते फसले, तर पूर्वग्रहाची शंका राहू नये म्हणून त्याने ते प्रकरण पुढे चालवू नये; त्यामुळे असे प्रकरण मुळातच दुसऱ्या न्यायाधीशाकडे सोपवणे इष्ट ठरते.

व्यवहारात हा नियम सरळ मोडला जात नाही. तो कडेकडेने मोडतो. पुकारा झाल्यावर न्यायासनावरूनच "अहो, भावाभावांत कशाला वाद, तीन-तीन एकर घ्या आणि मोकळे व्हा" असे एखादे वाक्य निघून जाते. साहेबांनी ते आपुलकीने म्हटलेले असते, पण बहिणीचा उल्लेखही त्यात नसतो, आणि दोन्ही बाजूंचे वकील त्या वाक्यातून निकालाचा अंदाज बांधून पुढचे सगळे डावपेच त्यावर उभे करतात. प्रकरण पाठवणाऱ्या न्यायाधीशाने मध्यस्थी म्हणजे काय एवढेच सांगावे, आकडा किंवा उपाय सुचवू नये.

तपासा: मध्यस्थ म्हणून बसण्यापूर्वी या पक्षकारांमधील दुसरे कोणतेही प्रकरण, मग तो मनाईहुकमाचा अर्ज असो की फौजदारी तक्रार, आपल्यासमोर चालू आहे का? असल्यास नाव मागे घ्यावे.

## टप्पा २: प्रकरण मध्यस्थीयोग्य आहे का, आणि वेळ योग्य आहे का

वर उल्लेखिलेल्या निकालातच ढोबळ वर्गवारी दिलेली आहे. प्रातिनिधिक स्वरूपाचे दावे, सार्वजनिक पदांच्या निवडणुकीचे वाद, मृत्युपत्राचे प्रोबेट (न्यायालयाकडून प्रमाणीकरण), खोटे दस्त किंवा तोतयेगिरीचे गंभीर व नेमके आरोप असलेली प्रकरणे आणि फौजदारी खटले ही सामान्यतः अयोग्य मानली आहेत. अज्ञान (अल्पवयीन) व्यक्ती, देवस्थान किंवा मानसिकदृष्ट्या अक्षम व्यक्ती यांच्याविरुद्धचे दावे, म्हणजे जिथे न्यायालयाच्या संरक्षणाची गरज आहे अशी प्रकरणे, हीही त्याच गटात आहेत. उलट वैवाहिक वाद, वाटप, भागीदारी, शेजाऱ्यांमधील वहिवाटीचे वाद, व्यापारी करार, मोटार अपघाताची भरपाई ही मध्यस्थीला साजेशी प्रकरणे होत.

वेळेबाबत सर्वांत जास्त गफलत होते. सर्वसाधारण दिवाणी दाव्यात कैफियत (प्रतिवादीचे लेखी उत्तर) दाखल झाल्यानंतर आणि वादमुद्दे काढण्यापूर्वीची वेळ योग्य मानली आहे, कारण तोवर कोणाचे म्हणणे काय ते कागदावर आलेले असते. कौटुंबिक प्रकरणांत मात्र थांबू नये. नोटीस बजावली गेल्यावर, उत्तर दाखल होण्यापूर्वीच प्रकरण पाठवावे, कारण एकदा का चारित्र्याविषयीचे परिच्छेद प्रतिज्ञेवर लिहिले गेले की ते पुसता येत नाहीत आणि मग मध्यस्थाचे निम्मे श्रम त्या परिच्छेदांवरच खर्ची पडतात.

मध्यस्थीकडे पाठवण्यास पक्षकारांची संमती आवश्यक नाही. लवादाकडे, म्हणजे बंधनकारक निर्णय देणाऱ्याकडे, पाठवण्यास ती लागते. हा फरक पक्षकारांनाही सांगावा, कारण गावाकडे लवाद आणि मध्यस्थ हे शब्द सर्रास एकमेकांऐवजी वापरले जातात आणि "तिथे गेलो तर ते देतील तो निर्णय मानावा लागेल" या भीतीने माणसे पहिल्याच तारखेला गैरहजर राहतात.

२०२३ च्या मध्यस्थी कायद्याविषयी एक सावधगिरीची सूचना. त्यातील निवडक कलमेच ९ ऑक्टोबर २०२३ पासून लागू करण्यात आली. एखाद्या कलमाचा आधार घेण्यापूर्वी ते लागू झाल्याची अधिसूचना स्वतः पाहावी. नुसते पुस्तकात छापलेले आहे म्हणून आदेशात लिहू नये.

## टप्पा ३: पहिल्या बैठकीपूर्वीची तयारी

दावा आणि कैफियत वाचावी, पण निकालासाठी वाचतो तशी नव्हे. निकालासाठी वाचताना आपण सिद्ध काय होईल ते शोधतो; इथे कशाचा उल्लेख वारंवार येतो आणि कशाचा मुद्दाम टाळला आहे ते पाहायचे असते. आपल्या उदाहरणात थोरल्याच्या कैफियतीत विहिरीचा उल्लेख पाच ठिकाणी आहे आणि बहिणीचा एकाच ओळीत. एवढ्यावरून कोणताही निष्कर्ष काढू नये. वहीत फक्त दोन शब्द लिहावेत: पाणी, बहीण.

वेळेची आखणी हा कौशल्याचाच भाग आहे. बोर्ड संपवून, दोन साक्षीदारांच्या मध्ये, अर्ध्या तासात मध्यस्थी उरकता येत नाही. पहिल्या बैठकीसाठी सलग दोन तास राखून ठेवावेत आणि त्या वेळेत शिपायाने सहीसाठी कागद आणू नयेत अशी स्पष्ट सूचना द्यावी. पक्षकार बोलत असताना साहेबांनी एका आदेशावर सही केली, तर तो मनातल्या मनात हिशोब मांडतो की आपले ऐकले जात नाही.

खोलीबाबत थोडक्यात. गाऊन आणि बँड काढून ठेवावेत. टेबल शक्यतो गोल असावे. नसल्यास मध्यस्थाने लांब टेबलाच्या टोकाला न बसता मधल्या बाजूला बसावे. सर्व खुर्च्या सारख्या असाव्यात, मध्यस्थाचीसुद्धा. ज्याच्या हाती निर्णय आहे ती व्यक्ती हजर राहील याची खात्री वकिलांमार्फत आधी करून घ्यावी. बँक किंवा विमा कंपनी पक्षकार असेल तर आलेल्या अधिकाऱ्याला किती रकमेपर्यंतचा अधिकार आहे हे पहिल्याच फोनवर विचारावे, नाहीतर तिसऱ्या बैठकीत "वर विचारून सांगतो" हे उत्तर मिळते.

संबोधनाकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. वयस्कर वादीला आपण सवयीने "काका" म्हणतो आणि तरुण प्रतिवादीला नावाने हाक मारतो. त्या तरुणाच्या लेखी साहेब तिथेच एका बाजूला झुकलेले असतात. सर्वांना एकाच पद्धतीने, म्हणजे नावापुढे राव किंवा ताई लावून, संबोधावे आणि शेवटपर्यंत तेच ठेवावे.

तपासा: भीतीचे वातावरण आहे का? हिंसाचाराचा आरोप असलेल्या वैवाहिक प्रकरणात दोघांना थेट एका टेबलावर बसवू नये. आधी दोघांना वेगवेगळे भेटून एकत्र बसणे सुरक्षित वाटते का ते विचारावे. "नाही" असे उत्तर आले तर समजूत घालत बसू नये, स्वतंत्र बैठकांनीच सुरुवात करावी.

## टप्पा ४: प्रारंभीचे निवेदन

हे निवेदन घाईत उरकले जाते, किंवा त्याचे व्याख्यान होते. सात-आठ मिनिटे पुरेशी असतात. न्यायाधीशाच्या बाबतीत त्यात एक वाक्य असे लागते जे वकील-मध्यस्थाला लागत नाही. ते साधारण असे असावे:

"मी न्यायाधीश आहे हे आपल्याला माहीत आहे, पण या खोलीत मी निर्णय देणार नाही आणि हा दावा माझ्यासमोर कधीही चालणार नाही. इथे जे बोलले जाईल ते दाव्याच्या न्यायालयाला मी कळवणार नाही. तडजोड झाली नाही तर कोणामुळे झाली नाही हेही मी सांगणार नाही. आपण कधीही थांबू शकता आणि थांबल्याने आपल्या दाव्याचे नुकसान होणार नाही."

शेवटचे वाक्य गाळू नये. सही न केल्यास साहेब रागावतील, मोठ्या साहेबांच्या कानावर घालतील, अशी समजूत घेऊनच अनेक पक्षकार आलेले असतात. आपल्या उदाहरणातील बहिणीसारख्या व्यक्तीची संमती खुर्चीच्या धाकाने आली असेल, तर ती अटींना दिलेली संमती नव्हे.

त्यानंतर बैठकीचे नियम सांगावेत: एका वेळी एकाने बोलावे, दुसऱ्याने कागदावर टिपून ठेवावे, मोबाईल बंद असावेत आणि ध्वनिमुद्रण करू नये. शेवटी प्रत्येकाला "समजले का?" असे न विचारता "यातले काय स्पष्ट झाले नाही?" असे विचारावे, कारण पहिल्या प्रश्नाला न्यायाधीशासमोर होकाराखेरीज दुसरे उत्तर मिळत नाही.

## टप्पा ५: संयुक्त बैठक

आधी वादी, मग प्रतिवादी, असा क्रम ठेवावा आणि शक्यतो पक्षकाराने स्वतः बोलावे. वकिलांना डावलू नये. त्यांना सुरुवातीलाच सांगावे की कायद्याची बाजू नंतर आपल्याकडूनच समजून घेणार आहे. वकील दुखावला गेला की त्याचा पक्षकार त्या दिवशी पुढे सरकत नाही, आणि सत्र न्यायालयातील जुन्या सवयीने त्याला "बसा" म्हणणे इथे महागात पडते.

ऐकताना न्यायाधीशाच्या तीन प्रतिक्षिप्त क्रिया आवराव्या लागतात. पहिली, असंबद्ध बोलणे तोडणे. धाकटा भाऊ वडिलांच्या आजारपणात कोण रुग्णालयात थांबले हे सांगू लागला, तर निकालाच्या दृष्टीने ते अप्रस्तुत असते, पण वाद बहुतेक वेळा तिथेच पेटलेला असतो. दुसरी, सूचक प्रश्न. "म्हणजे तुम्ही २०१५ पासून खंड दिलाच नाही, बरोबर?" हा उलटतपासाचा प्रश्न आहे, त्याऐवजी "वडिलांच्या नंतर शेतीचा हिशोब कसा चालायचा?" असे विचारावे. तिसरी क्रिया आवरायला सर्वांत अवघड, ती म्हणजे चेहऱ्यावरची प्रतिक्रिया. न्यायाधीशाने भुवई उंचावलेली वकिलांना अचूक वाचता येते.

प्रत्येकाचे बोलणे झाल्यावर त्याचा सारांश मध्यस्थाने आपल्या शब्दांत, आरोपाचा काटा काढून, सांगावा. धाकटा म्हणाला, "दादाने सगळे गिळले." सारांशात ते असे येईल: "गेल्या काही वर्षांच्या उत्पन्नाचा हिशोब आपल्याला मिळालेला नाही आणि तो मिळायला हवा असे आपले म्हणणे आहे." आरोप नाहीसा झाला, मागणी शिल्लक राहिली. मात्र माणसाच्या भावनेवर बोळा फिरवू नये. "ही गोष्ट आपल्याला लागली आहे हे मला दिसते" एवढी पोच द्यावी आणि ती खरी की खोटी यावर काहीच बोलू नये.

संयुक्त बैठकीच्या शेवटी चर्चेच्या विषयांची यादी फळ्यावर किंवा मोठ्या कागदावर लिहावी: जमिनीचे वाटप, विहिरीचे पाणी, मागील उत्पन्न, गावातील घर, बहिणीचा हिस्सा. यादी कोणाच्याही मालकीच्या भाषेत असू नये. "बेकायदा ताबा" असे न लिहिता "सध्याचा ताबा" असे लिहावे.

इशारा: या टप्प्यावर उपाय सुचवू नये, कोणी विचारला तरी. "साहेब, तुम्हीच सांगा काय करायचे" हा प्रश्न आदराने विचारलेला असला, तरी त्याला उत्तर दिले की मध्यस्थी तिथेच संपते आणि पुढे उरते ती तुमच्या प्रस्तावावरची घासाघीस.

## टप्पा ६: स्वतंत्र बैठका

खरे काम इथे होते, म्हणून या टप्प्याला सर्वांत जास्त वेळ द्यावा. प्रत्येक बाजूला सारखा वेळ देणे नेहमी शक्य नसते, पण एकीकडे जास्त वेळ गेल्यास दुसऱ्या बाजूला जाऊन त्याबद्दल सांगावे. बाहेर बाकावर पाऊण तास बसलेल्या माणसाच्या मनात काय शिजते हे सांगायला नको.

गोपनीयतेचे दोन थर लक्षात ठेवावेत. खोलीतले न्यायालयात जात नाही हा पहिला. स्वतंत्र बैठकीत सांगितलेले परवानगीशिवाय समोरच्या बाजूलाही जात नाही हा दुसरा. प्रत्येक स्वतंत्र बैठक संपताना "यातले मी काय सांगू आणि काय सांगू नको?" असे विचारून उत्तर वहीत वेगळ्या खुणेने नोंदवावे. टिपणे प्रत्येक बाजूसाठी वेगळ्या कागदावर ठेवावीत. एकाच पानावर दोन्ही बाजूंचे आकडे लिहून ते पान टेबलावर उघडे राहिल्याने बिघडलेली प्रकरणे माझ्या पाहण्यात आहेत.

पहिल्या फेरीत मागणीच्या खालची गरज शोधायची असते. आपल्या उदाहरणात थोरल्याची मागणी अशी की विहिरीकडचा भाग मलाच हवा. "तो भाग दुसरीकडे गेला तर नेमके काय बिघडेल?" असे विचारल्यावर कळते की धाकटा आपला हिस्सा बाहेरच्या माणसाला विकेल, तो पाणी तोडेल आणि विकास सोसायटीचे कर्ज काढून टाकलेली पाइपलाइन वाया जाईल ही त्याची भीती आहे. धाकट्याला शेती करायचीच नाही. त्याला पुण्यातील घराच्या हप्त्यांसाठी रक्कम हवी आहे आणि वडिलांच्या नंतर आपल्याला कोणी विचारले नाही हे त्याच्या मनात आहे. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत, पण दोघांनाही ते माहीत नाही.

बहिणीला स्वतंत्र भेटल्याशिवाय पुढे जाऊ नये, आणि ते भेटणे भावांशिवाय, तसेच पतीशिवाय असावे. "मला काही नको, भावांचे भावांनी घ्यावे" हे वाक्य सही घेण्यास पुरेसे आहे असे समजण्याची चूक फार जुनी आहे. मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे, आणि त्यासाठी हिंदू वारसा कायद्यातील दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, म्हणजे ९ सप्टेंबर २००५ रोजी, वडील हयात असणे आवश्यक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. मध्यस्थाने तिला हक्क घ्या किंवा सोडा असे काहीही सांगू नये. पण तिला आपल्या हक्काची माहिती तिच्याच वकिलाकडून मिळाली आहे का हे विचारणे त्याचे काम आहे. भावांनी नेमलेल्या वकिलाकडेच तिचे वकीलपत्र असेल, तर विधी सेवा प्राधिकरणाकडून तिला स्वतंत्र वकील मिळू शकतो हे सांगून बैठक पुढे ढकलावी. असे विचारल्यावर पुष्कळदा निराळे उत्तर येते: जमीन नको, पण सातबाऱ्यावर नाव हवे, किंवा नावही नको, पण माहेरचा दरवाजा बंद व्हायला नको.

दुसऱ्या फेरीत वास्तवाची कसोटी येते, आणि न्यायाधीशाचा पाय इथे सर्वांत जास्त घसरतो. कायदा माहीत असल्यामुळे "तुमची बाजू कमकुवत आहे, मी असतो तर दावा मंजूर केला असता" असे वाक्य तोंडून जाते. मध्यस्थाच्या तोंडी ते मत राहत नाही, निकाल होतो. तीच माहिती प्रश्नाच्या रूपात आणता येते: "हा १९९८ चा साध्या कागदावरचा लेख, ज्यावर साक्षीदाराची सही नाही, तो पुराव्यात कसा टिकेल असे वकीलसाहेबांना वाटते?" "दाव्यानंतर अपील, मग दरखास्त, मग जिल्हाधिकाऱ्यांमार्फत सरस-निरस (जमिनीचा कस पाहून) वाटप. तोवर पाइपलाइन कोण सांभाळेल?" प्रत्येक बाजूला तीन चित्रे स्वतःच्या हाताने लिहायला लावावीत: समेट न झाल्यास चांगल्यात चांगले काय होईल, वाईटात वाईट काय होईल, आणि बहुधा काय होईल. तिसऱ्या चित्रात वेळ, वकील फी आणि हेलपाटे यांचे आकडेही पक्षकारानेच घालावेत. मध्यस्थाने घातलेल्या आकड्यावर वाद होतो, स्वतः लिहिलेला आकडा माणूस घरी जाऊनही विसरत नाही.

इशारा: कसोटी दोन्ही बाजूंची, आणि सारख्याच कडकपणाने घ्यावी. थोरल्याला तीन कठीण प्रश्न आणि धाकट्याला एकही नाही असे झाले, तर दोघांच्या वकिलांची जेवणाच्या सुट्टीतील गाठभेट ते उघड करते.

## टप्पा ७: प्रस्ताव आणि कोंडी

समोरून आलेला प्रस्ताव, तो केवळ समोरून आला म्हणून, ऐकणाऱ्याला कमी मोलाचा वाटतो. म्हणून मध्यस्थाने प्रस्ताव पोहोचवताना "त्यांचे म्हणणे असे आहे" अशी थेट सुरुवात न करता, "समजा, असा पर्याय असेल तर त्यात काय योग्य आणि काय अयोग्य वाटते?" असे विचारावे. पहिला आकडा कोणी द्यायचा यावर अडल्यास, आधी रकमेशिवायचे विषय मिटवावेत. पाण्याची पाळी ठरली की जमिनीची किंमत ठरवणे सोपे जाते. उलट क्रमाने गेल्यास दोन्ही अडते.

कोंडी झाल्यावर न्यायाधीशाला आवाज चढवण्याचा मोह होतो. त्याऐवजी थांबावे, चहा मागवावा, किंवा पुढची तारीख जवळची द्यावी, आणि त्या तारखेपर्यंत प्रत्येकाने एक निश्चित काम करून आणावे असे ठरवावे: सोसायटीच्या बाकीचा दाखला, मोजणीचा नकाशा, अलीकडच्या खरेदीखतांच्या नकला. रिकाम्या हाताने दिलेली पुढची तारीख ही फक्त तारीख असते.

## टप्पा ८: तडजोडपत्र

तडजोड ठरली की सगळ्यांना घरी जायची घाई होते आणि मजकूर "उद्या टाइप करून आणा" म्हणून वकिलांवर सोपवला जातो. तसे करू नये. उशीर झाला तरी मुद्दे त्याच दिवशी लिहून त्यावर सह्या घ्याव्यात. संहितेच्या आदेश २३ नियम ३ नुसार तडजोड कायदेशीर, लेखी आणि पक्षकारांच्या सहीची असावी लागते.

मजकुरात पुढील बाबी क्रमाने तपासाव्यात.

१. मिळकतीचे वर्णन: गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा आणि सोबत नकाशा. "विहिरीकडचा भाग" हे वर्णन नव्हे.

२. सातबाऱ्याच्या इतर हक्कातील बोजा: सोसायटीचे कर्ज कोण फेडणार, कोणत्या तारखेपर्यंत, आणि न फेडल्यास काय.

३. पाण्याची पाळी: कोणते दिवस, किती तास, वीजबिल कोणत्या प्रमाणात, पंप बिघडल्यास दुरुस्ती कोणाची. "आपसांत समजुतीने पाणी घेतील" असे लिहिणे म्हणजे पुढच्या दाव्याची पायाभरणी.

४. दाव्यात नसलेली मिळकत: गावातील घर दाव्यात नसेल आणि तडजोडीत घातले असेल, तर नोंदणी कायद्याच्या कलम १७(२)(६) मधील सूट त्याला लागू होत नाही, नोंदणी करावी लागते. हे विसरल्याने वर्षानंतर नाव लागत नाही आणि दोष मध्यस्थीला जातो.

५. तुकडेबंदी कायदा: हिस्से त्या भागातील प्रमाणभूत क्षेत्राच्या (ठरवून दिलेल्या किमान क्षेत्राच्या) खाली जातात का? कायद्याविरुद्ध असलेली तडजोड न्यायालय नोंदवून घेऊ शकत नाही, मग सगळ्यांच्या सह्या असल्या तरी.

६. अज्ञान पक्षकार असल्यास आदेश ३२ नियम ७ खाली न्यायालयाची परवानगी स्वतंत्रपणे घ्यावी. ती नसल्यास तडजोड पुढे रद्द करून मागता येते.

७. इतर चालू प्रकरणे: त्यांचे क्रमांक आणि प्रत्येकाचे काय करायचे ते लिहावे. जो गुन्हा तडजोडपात्र नाही त्याबाबत "गुन्हा रद्द होईल" असे आश्वासन लिहू नये, कारण तो अधिकार या खोलीतील कोणाचाच नाही. "रद्द करण्याच्या अर्जास संमती देणारे प्रतिज्ञापत्र अमुक तारखेपर्यंत करून देतील" असे लिहावे.

प्रत्येक अटीला कोण, काय, कधीपर्यंत आणि न केल्यास काय, या चार प्रश्नांची उत्तरे असावीत. धाकट्याने हिस्सा विकायचा ठरवल्यास आधी थोरल्याला विचारायचे असे ठरले असेल, तर किंमत कशी ठरेल आणि थोरल्याने किती दिवसांत उत्तर द्यायचे हेही लिहावे लागते.

मजकूर मराठीत असावा, आणि सही करण्यापूर्वी तो मध्यस्थाने स्वतः मोठ्याने वाचून दाखवावा. मग प्रत्येक पक्षकाराला त्याने काय मान्य केले ते त्याच्या शब्दांत सांगायला लावावे. बहिणीने सांगितलेली तडजोड आणि कागदावरची तडजोड यात फरक आढळला, तर पेन खाली ठेवून पुन्हा टप्पा ६ कडे जावे, रात्र झाली असली तरी.

## टप्पा ९: अहवाल आणि आवराआवर

तडजोड झाली तरी तिचा आपोआप हुकूमनामा (न्यायालयाचा अंमलात आणता येणारा आदेश) होत नाही. ती दाव्याच्या न्यायालयासमोर ठेवावी लागते आणि ते न्यायालय पक्षकारांकडून खात्री करून घेऊन हुकूमनामा करते. वाटपाच्या अंतिम हुकूमनाम्याला मुद्रांक लागतो आणि त्यानंतर फेरफारासाठी तलाठ्याकडे अर्ज करावा लागतो, हे पक्षकारांना सही करतानाच सांगावे. कोण अर्ज करील तेही तडजोडपत्रात घालता येते.

तडजोड झाली नाही, तर अहवालात एकच वाक्य असावे: मध्यस्थी यशस्वी झाली नाही. मोतीराम विरुद्ध अशोक कुमार या डिसेंबर २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच बजावले आहे. बैठकीत कोणी काय प्रस्ताव दिला, कोण अडून बसले, हे लिहिता येत नाही. न्यायाधीश-मध्यस्थाकडून याचा भंग सहसा कागदावर होत नाही. तो चेंबरमध्ये, सहकारी न्यायाधीशाबरोबर चहा घेताना, "तुझ्याकडचा तो वाटपाचा दावा, थोरला अगदी हटवादी आहे" अशा एका वाक्यात होतो. त्या प्रकरणाविषयी त्या सहकाऱ्याशी निकाल लागेपर्यंत एक शब्दही बोलू नये, त्याने विचारले तरी.

शेवटी सर्व टिपणे, दोन्ही बाजूंनी लिहिलेली तीन चित्रे आणि विषयांच्या यादीचा मोठा कागद स्वतः फाडून टाकावा. शिपायाकडे देऊ नये. दाव्याच्या फाइलमध्ये फक्त अहवाल किंवा सह्या झालेले तडजोडपत्र परत जाते, आणि ती फाइल केंद्रातून त्याच दिवशी संबंधित न्यायालयात पोहोचल्याची पोच घ्यावी.